पूजेबाहेरची किल्ली

"मी राजीनामा देणार नाही. आधीच सांगते, म्हणजे तुम्हीही तोच सल्ला द्यायला नको."

खुर्चीत बसायच्या आधीच बाई एवढं बोलून मोकळी झाली. मग बसली, पर्स मांडीवर घेतली आणि टेबलावर एक निळा प्लास्टिकचा डबा ठेवला. शाळेतली मुलं नेतात तसला.

मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कमधल्या एका दाताच्या दवाखान्याच्या वर मृणालिनी गावंड यांचं ऑफिस होतं. खालून कुणाची तरी दाढ कोरल्याचा आवाज येत होता. मृणालिनीबाईंनी उमेदीची वर्षं विम्याचे दावे तपासण्यात घालवली होती. जळालेल्या गोदामात खरं काय जळलं आणि खोटं काय जळलं, ते त्या राखेवरून सांगत. आता त्या लोकांच्या भानगडी शोधत, आणि त्यात त्यांना जास्त मजा येई.

"सल्ला मी देत नाही," त्या म्हणाल्या. "काय झालं तेवढं शोधते. राजीनामा कोण मागतंय?"

"काशीनाथ सावे. सावे मोल्ड्सचे मालक. भाईंदर पूर्वेला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कारखाना आहे. मी वैजयंता खिल्लारे, तिथली सीनियर डिझायनर. मी कॉम्प्युटरवर साच्याचं डिझाइन करते, त्यावरून मशीन पोलाद कापतं, आणि त्या पोलादी साच्यातून असे डबे निघतात. आता हे झाकण लावून बघा."

मृणालिनीबाईंनी झाकण डब्यावर ठेवलं. ते बसलं नाही. थोरल्या भावाची टोपी धाकट्याच्या डोक्यावर फिरावी तसं गोल फिरलं.

कोपऱ्यात बसलेले दशरथ तांडेल उठून जवळ आले. हे मृणालिनीबाईंचे मदतनीस. राहायला भाईंदरजवळच्या चौक गावात, कस्टमच्या लाँचवरून निवृत्त झालेले. डोकं सावकाश चालायचं, पण माणूस सोन्यासारखा.

"झाकान मोठं हाय," त्यांनी निदान केलं.

"सगळीकडून सारखंच मोठं आहे," वैजयंता म्हणाली. "कापड धुतलं की आटतं ना, तसं गरम प्लास्टिक थंड होताना आटतं. म्हणून साचा आधीच थोडा मोठा करतात. त्याला आम्ही श्रिंकेज म्हणतो. या झाकणाला ते दोनदा लागलंय. पहिल्या नमुन्यालाच मी ओळखलं आणि सांगितलं. तर सावेसाहेब म्हणतात, मग तुम्हीच दोनदा लावलंत."

"आणि लावलंत?"

"मी श्रिंकेज सगळ्यात आधी लावते, मॅडम. माझी फाईल उघडली की पहिली ओळ तीच दिसते. समोर दिसत असताना कोण पुन्हा लावेल?"

मृणालिनीबाईंनी मान डोलावली. हा प्रश्न त्यांना आवडला होता.

"आता त्यांचा पुरावा सांगा. तुमची बाजू नंतर."

वैजयंताने आवाज न चढवता सांगितलं. कारखान्यातलं डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं होतं. ते उघडायला प्रत्येक कॉम्प्युटरला पेनड्राइव्हएवढा एक डोंगल लावावा लागे. कारखान्यात सगळे त्याला किल्ली म्हणत. किल्ली नाही तर सॉफ्टवेअर नाही. दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा होते, तेव्हा या किल्ल्याही ताटात ठेवून त्यांना हळदकुंकू वाहतात. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्या कुणी हलवत नाही.

"माझी किल्ली मी कधीच देत नाही. आम्ही बौद्ध. दसरा माझ्यासाठी धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो. इतकी वर्षं कुणी काही बोललं नाही. या वेळी नीरज सगळ्यांसमोर म्हणाला, एवढं काय मॅडम, कुंकवाने काय झिजणार आहे? मी म्हटलं, माझा नकार झिजेल. सकाळी माझ्या कामाची एक कॉपी माझ्या डिस्कवर घेतली, किल्ली पर्समध्ये टाकली आणि विहारात गेले. तिथून परभणीला आईकडे."

"नीरज कोण?"

"साहेबांचा भाचा. माझा ज्युनियर. निघताना त्याला सांगितलं होतं, झाकणाची फाईल मशीनसाठी काढून ठेव. तो म्हणतो, असं काही सांगितलंच नाही, मॅडमनीच काढून ठेवली. मशीनच्या फोल्डरमधल्या त्या फाईलवर तारीख दसऱ्याची आहे. त्या दिवशी बाकीच्या किल्ल्या पूजेत, माझी एकटीचीच बाहेर. मूळ फाईल सर्व्हरवरून गायब. बरोबर असलेली कॉपी जगात फक्त माझ्या डिस्कवर. मी ती दाखवली तर म्हणतात, बघा, म्हणजे आमची तुम्हीच उडवलीत. पूजेवरून भांडण झालं, त्या रागात."

"काळजी घेतली तोच गुन्हा झाला म्हणायचा," मृणालिनीबाई पुटपुटल्या. "मुदत किती?"

"उद्या दुपारपर्यंत सही केली नाही तर पोलीस तक्रार. सही केली तर गुपचूप जाऊ देतील म्हणे. मॅडम, मोल्डचा धंदा एवढासा. एका इस्टेटमधून नाव गेलं की वसईपर्यंत कुणी दारात उभं करत नाही. पण ते जाऊ दे. मी केलेलं नाही, म्हणून मी सही करणार नाही. एवढं साधं आहे."

मृणालिनीबाईंनी डबा उचलून दशरथांच्या हातात दिला.

"एक शेवटचं. या आधी साहेबांशी कधी वाजलं होतं?"

"वाजलं नाही, वाद झाला. अपग्रेडवरून. नवं सॉफ्टवेअर कधी घ्यायचं. नीरजला लगेच हवं होतं. मी म्हटलं, नव्याला माझा विरोध नाही, पण हातातलं काम संपल्याशिवाय नाही. जुनी फाईल नव्यात उघडली की कधीकधी नुसता आकार येतो, तो कसा बनवला ते पुसलं जातं. आधी टाकाऊ फाईलवर करून बघा, काय गळतंय ते तपासा. साहेबांना पटलं. डब्याचं काम होईपर्यंत नव्याला हात लावणार नाही, असा शब्द दिला त्यांनी मला."

"आणि पाळला?"

"शब्द दिला म्हणजे पाळणारच ना."

विम्याच्या धंद्यात मृणालिनीबाईंनी बरेच शब्द जळालेले पाहिले होते.

*

सावे मोल्ड्सच्या शटरवरचं झेंडूचं तोरण वाळून काळं पडलं होतं. दिवाळीपर्यंत ते तसंच राहणार, हे उघड होतं.

काशीनाथ सावे साठीचे, कपाळावर गंध, बोलणं गोड. आपण फार न्यायी आहोत असं ज्यांना मनापासून वाटतं, अशा मालकांपैकी ते एक. असे मालक उघड दुष्ट माणसापेक्षा जास्त ताप देतात, कारण त्यांना स्वतःचं काही चुकलंय हे सुचतच नाही.

"बाई हुशार, प्रश्नच नाही," ते म्हणाले. "पण डोक्यात राग घालून घेतला. मी पोलिसांत जात नाही हे माझे उपकार समजा. वसईचं गिऱ्हाईक माझ्या डोक्यावर बसलंय, साचा पुन्हा कापायचाय."

"दसऱ्याला पूजेनंतर इथे कोण होतं?"

"पूजा झाली, कामगारांना प्रसाद दिला, सगळे घरी गेले. मी आणि नीरज आवरायला मागे राहिलो. मग कुलूप."

"पूजेच्या ताटातली एखादी किल्ली कुणी घेतली असेल?"

सावे दुखावले. "मॅडम, पूजेतली वस्तू कोण उचलेल? ताट माझ्या केबिनमध्ये, माझ्या नजरेसमोर. सकाळी मीच उत्तरपूजा केली. किल्ल्या होत्या तशा होत्या."

"यंदा कारखान्यात नवीन काही घेतलंत?"

"कुठलं! हे काम संपल्याशिवाय एक खिळा घ्यायचा नाही असं ठरवलंय."

मृणालिनीबाई डिझाइनच्या खोलीत गेल्या. नीरज तिथे बसला होता. तिशीच्या आतला, कानात इअरफोन, पायाला सारखा चाळा. त्याच्या कॉम्प्युटरच्या डब्यावर हळदकुंकवाची बोटं सुकली होती. प्रिंटरवरही होती. एसीच्या रिमोटलासुद्धा कुणीतरी टिकलीएवढं कुंकू लावलं होतं. वैजयंताच्या टेबलावर मात्र बाबासाहेबांचा छोटा फोटो आणि पुसून लख्ख केलेला कीबोर्ड, बाकी काही नाही.

"मॅडमनी मला काही सांगितलं नव्हतं," नीरज विचारायच्या आधीच म्हणाला. "फाईल त्यांनीच टाकली. मी का खोटं बोलू?"

"तसं मी म्हटलं नाही. श्रिंकेज दोनदा लागलंय हे मशीनवर जायच्या आधी कळत नाही का?"

"मशीनच्या फाईलमध्ये फक्त आकार असतो, हिस्टरी नसते, म्हणजे तो कसा बनवला ते. मूळ फाईलमध्ये कळतं. मॅडमची सवय आहे, पहिली ओळ श्रिंकेजची. ती नसली तर समजायचं, लावायचं राहिलंय."

"असं कधी राहिलंय?"

नीरजचा पाय थांबला. "नाही. म्हणजे... त्यांचं नाही राहत."

दशरथ खोलीभर हात मागे बांधून फिरत होते. कपाटावर एक लॅपटॉप ठेवलेला त्यांना दिसला. काळा, चकचकीत, वर डागसुद्धा नाही.

"हा कोनाचा?"

"ट्रायलचा. नवीन सॉफ्टवेअर आहे त्यात. डीलरचा माणूस ठेवून गेला," नीरज म्हणाला. "अजून उघडलेला पण नाही. मामांनी मॅडमना प्रॉमिस केलंय ना."

मृणालिनीबाईंनी लॅपटॉप खाली घेतला, झाकण उचललं. कीबोर्डच्या खाली, बोट फिरवायच्या चौकोनाच्या कडेला कुंकवाचं एक बोट होतं. बटनांच्या फटीत तांदळाचा एक लाल दाणा अडकला होता.

"याची पन पूजा केलेली दिसते," दशरथ म्हणाले.

"हो," मृणालिनीबाई म्हणाल्या. "केलेली दिसते खरी."

त्यांनी झाकण बंद करून लॅपटॉप जागेवर ठेवला.

बाहेर सदू मशीनपाशी उभा होता. पोलाद कापणारं हे मशीन तोच चालवायचा. मशीनच्या दारावर भलंमोठं स्वस्तिक होतं.

"मेरे को क्या मालूम मॅडम," तो हिंदीत सुरू झाला, मग बाई मराठी आहेत हे लक्षात येऊन मराठीत आला. "फोल्डरमध्ये जी फाईल असते ती मी लावतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लावली. ताई असं करतील हे मला नाही पटत. पण आपलं कोण ऐकतंय?"

"दसरा कसा झाला?"

"मस्त. शेठ जोरात होते. आम्ही गेटवर पोचलेलो, तर मागून बोलावून पेढे दिले. दरवर्षी नुसतं खोबरं-साखर असतं. या वेळी पेढे पण."

"ताईंना मिळाले?"

"त्या कधीच गेलेल्या."

दशरथांनी पेढे कुठल्या दुकानाचे होते याची बारकाईने चौकशी केली. तपासाला तिचा काही उपयोग नव्हता.

*

डीलरचा माणूस प्रितम स्टेशनजवळच्या एका चहाच्या दुकानात भेटला. गळ्यात ओळखपत्र, दोन फोन, दोन्ही वाजत होते.

"सावेसाहेबांचं डील अडकलंय मॅडम. त्या खिल्लारे मॅडममुळे. पण बोलतात ते चूक नाही, खरं सांगायचं तर. मी सेल्समध्ये आहे, मी असं बोलायला नाही पाहिजे."

"बोलायला नको तेच सांगा."

प्रितम हसला. "जुनी फाईल नव्यात उघडते. पण नव्यात एकदा सेव्ह केली ना, की परत जुन्यात नाही उघडत. फाईल पुढे जाते, मागे येत नाही. म्हणून चालू कामावर ट्रायल करायची नसते. कॉपीवर करायची. हे मी सगळ्यांना सांगतो, कोणी ऐकत नाही."

"नव्याला किल्ली लागते?"

"नाय नाय, ते जुनं झालं. आता लॉगिन. पासवर्ड टाकला की चालू. नीरजला दिलाय मी."

"तुमचं डील लवकर व्हावं असं तुम्हाला वाटत असेलच."

"टार्गेट कुणाला चुकलंय, मॅडम? पण दसऱ्याला मी आमच्या गावी, चिपळूणला होतो. स्टेटस बघा पाहिजे तर." त्याने फोन पुढे केला. फोटोत तो, एक म्हातारी आजी आणि आपट्याची पानं होती.

रिक्षात बसल्यावर दशरथ बोटांवर काहीतरी मोजत होते. मीरा रोडचा पूल आला तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

"मला वाटतं, प्रितम. त्यालाच फायदा हाय. जुनं सॉफ्टवेअर बिघडलं असं दाखवलं की नवीन खपतं."

"दशरथराव, झाकण चुकलं तेव्हा जुन्या सॉफ्टवेअरला कुणी दोष दिला?"

"न्हाय. बाईला दिला."

"मग प्रितमचं काय खपलं?"

दशरथ विचारात पडले. "मग कोन?"

"आधी 'कोण' विचारू नका. ज्याला दिसत होतं तो दोनदा लावणार नाही, हे आपल्याला वैजयंताताईंनीच सांगितलं. मग ज्याला दिसत नव्हतं असा माणूस शोधायचा. आणि त्याला का दिसत नव्हतं, ते शोधायचं."

"आनि पेढे?"

"पेढे तर सगळ्यात महत्त्वाचे," मृणालिनीबाई म्हणाल्या. दशरथांना वाटलं, आपली चेष्टा चाललीय.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सावेंच्या केबिनमध्ये सगळे जमले. टेबलावर टाइप केलेला राजीनामा, वर पेन. सावे आपल्या खुर्चीत, शेजारी नीरज उभा. वैजयंता समोर बसली होती, पर्स मांडीवर. मृणालिनीबाईंनी सदूलाही बोलावून घेतलं होतं. तो दाराशी, हाताला लागलेलं तेल फडक्याला पुसत उभा होता. दशरथांनी कपाटावरचा लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला.

"वैजयंताबाई, शेवटचं सांगतो," सावे समजुतीच्या सुरात म्हणाले. "सही करा. मी चांगलं सर्टिफिकेट देतो. उगाच ताणू नका. माघार घेण्यात कमीपणा नसतो."

"ज्याचं चुकलं त्याला नसतो," वैजयंता म्हणाली. "माझं चुकलेलं नाही. पोलिसांना बोलवा. मी पण त्यांची वाट बघते."

"त्याआधी मला एक सांगा, सावेसाहेब," मृणालिनीबाई म्हणाल्या. "दसऱ्याला पेढे कशाचे वाटलेत?"

सावेंचा हात पेनवर होता, तो तिथेच राहिला. "सणाचे."

"सणाला तुमच्याकडे खोबरं-साखर असते. दरवर्षी. पेढे माणूस नव्या वस्तूचे वाटतो. नवी गाडी, नवं घर, नवं यंत्र. तुम्ही तर म्हणालात, एक खिळा घेतला नाही."

सावेंनी पेन उचलून बाजूला ठेवलं.

"बरं. हा लॅपटॉप. नीरजच्या म्हणण्याप्रमाणे अजून उघडलेलाच नाही. सदूभाऊ, तुमच्या मशीनची पूजा कुठे केली?"

"दारावर, मॅडम. स्वस्तिक काढलं."

"बाहेरून. कॉम्प्युटरला डब्यावर कुंकू, प्रिंटरला वर कुंकू. बंद वस्तूला माणूस बाहेरूनच कुंकू लावणार. या लॅपटॉपला बाहेर काहीच नाही." त्यांनी झाकण उचललं. "आत आहे. अक्षताही आत आहेत. म्हणजे पूजेच्या वेळी हा उघडा होता, चालू होता. आता चालू यंत्रापुढे अक्षता टाकून, वर पेढे वाटून आपल्याकडे काय करतात?"

"मुहूर्त!" सदूच्या तोंडून निघून गेलं. मग शेठकडे बघून त्याने जीभ चावली.

"मुहूर्त. साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त. सावेसाहेबांनी ताईंना शब्द दिला होता, पण दसरा फुकट घालवणं जिवावर आलं. वाटलं, कामाला हात लावायचा नाही, नुसता श्रीगणेशा करून ठेवू. कामगार गेले, ताई तर आधीच गेल्या होत्या. खरं ना?"

सावेंचा चेहरा उतरला. "नुसतं उघडलं मॅडम. काही केलं नाही. फाईल उघडली, नमस्कार केला आणि सेव्ह केलं. नीरजने दाखवलं तिथे दाबलं. सुरुवात म्हणून."

"कुठली फाईल?"

सावेंनी नीरजकडे पाहिलं.

"मुहूर्ताला कुणी टाकाऊ वस्तू घेत नाही," मृणालिनीबाईच पुढे म्हणाल्या. "कारखान्यातलं सगळ्यात मोठं, सगळ्यात शुभ काम घ्यायचं. डब्याचं झाकण. तीही कॉपी नाही, मूळ फाईल. कॉपीवर कसला मुहूर्त! ताई म्हणत होत्या टाकाऊ फाईलवर करा, आणि तुम्ही शोधून शोधून नेमकी तीच उचललीत. आणि नव्यात एकदा सेव्ह केलेली फाईल परत जुन्यात उघडत नाही. तुमच्या एका नमस्कारात ती ताईंच्या कॉम्प्युटरसाठी मेली."

वैजयंता ताठ बसली. तिने सावेंकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. "शब्द दिला होता तुम्ही मला," ती हळू आवाजात म्हणाली.

"पन झाकान मोठं कसं झालं?" दशरथांना राहवलं नाही.

"ते सावेसाहेबांनी नाही केलं. त्यांना ते येत नाही. हे येणारी माणसं इथे दोनच, ताई आणि नीरज." मृणालिनीबाई नीरजकडे वळल्या. "तुला कळलं की फाईल आता जुन्यात उघडणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सदूभाऊ फाईल मागणार. बरोबर असलेली कॉपी ताईंच्या डिस्कवर, आणि ताईंना फोन करायचा म्हणजे मामांनी शब्द मोडला हे सांगायचं. मग तू इथेच, याच लॅपटॉपवर मशीनची फाईल काढायला बसलास. किल्ली लागत नव्हती, म्हणून ताटातल्या किल्ल्यांना कुणी हात लावला नाही. सावेसाहेब त्याबाबतीत खरंच बोलले. आणि तारीख पडली दसऱ्याची."

नीरज जमिनीकडे बघत होता.

"जुनी फाईल नव्यात आली तेव्हा काय गळलं असेल, ते ताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. आकार आला, तो कसा बनवला ते पुसलं गेलं. तू पाहिलंस, पहिली ओळ श्रिंकेजची नाही. काल तूच मला म्हणालास, ती नसली तर समजायचं, लावायचं राहिलंय. ताईंचं कधी राहत नाही, हेही म्हणालास. पण त्या दिवशी तुला वाटलं, सुट्टीच्या घाईत राहिलं. तू भल्यासाठी लावलंस. ते आधीच लागलेलं होतं. म्हणून दोनदा."

"मला खरंच वाटलं, मॅडम विसरल्या," नीरज म्हणाला. "मी चूक सुधारत होतो."

"तिथपर्यंत चूकच होती. मग मूळ फाईल उडवलीस, कारण ती उघडून बघितली असती तर नव्यात सेव्ह झालेली दिसली असती. आणि झाकण बसेना तेव्हा बोट दाखवायला एक किल्ली तयारच होती. पूजेबाहेरची. ती चूक नव्हती, नीरज."

सावे उभे राहिले, पुन्हा बसले. "नीरज? तू मला म्हणालास काही झालं नाही."

"आणि तुम्ही विचारलंत का?" मृणालिनीबाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुम्हाला माहीत होतं दसऱ्याला लॅपटॉप उघडला होता. मी काल तोंडावर विचारलं तेव्हाही लपवलंत. शब्द मोडल्याचं दिसू नये म्हणून एका बाईची नोकरी आणि नाव दोन्ही घ्यायला निघालात. भाचा तो आपला बाब्या, आणि किल्ली पूजेला न देणारी ती खोडसाळ. वड्याचं तेल वांग्यावर काढायला तुम्हाला एवढं कारण पुरलं."

सावेंनी राजीनाम्याचा कागद उचलला आणि फाडला. न्याय केल्यासारखा चेहरा करून त्यांनी तुकडे टोपलीत टाकले.

"झालं गेलं विसरा, वैजयंताबाई. माझी चूक झाली. या केबिनमधली गोष्ट केबिनमध्येच..."

"नाही," वैजयंता म्हणाली.

ती उठून उभी राहिली. "माझ्यावर आळ घेतलात तेव्हा मशीन बंद करून सगळ्यांना गोळा केलं होतं. सदूभाऊ होते, पॅकिंगच्या बायका होत्या. माफी पण तशीच मागा. मशीन बंद करून."

"अहो, पण मी मालक आहे."

"म्हणूनच. कामगाराची माफी कुणी ऐकायला जमत नाही."

सावेंनी मृणालिनीबाईंकडे पाहिलं. तिकडून मदत येण्यासारखी नव्हती. शेवटी त्यांनी सदूला खूण केली. सदू एवढ्या उत्साहाने धावला की फडकं दारातच पडलं. मशीनची घरघर थांबली. पॅकिंगच्या बायका हात पुसत आल्या. सावे मान खाली घालून चार वाक्यं बोलले. चौथं ऐकू आलं नाही, तेव्हा मागून एक बाई "मोठ्याने बोला, शेठ" म्हणाली, आणि ते त्यांनी पुन्हा म्हटलं.

वैजयंताने ऐकून घेतलं. ती रडली नाही, हसलीही नाही.

"नीरजला मी आजच घरी..." सावे सुरू झाले.

"घरी कशाला? इथेच बसवा. नव्यात गेल्यावर कुठल्या जुन्या फाईलमधून काय गळतं, ते त्याने एकेक फाईल उघडून तपासायचं. कॉपीवर. माझ्या शेजारी बसून." तिने नीरजकडे पाहिलं. "आणि दर वेळी पहिली ओळ मला मोठ्याने वाचून दाखवायची."

नीरजने मान हलवली. त्याचे डोळे भरले होते.

"म्हणजे अपग्रेड करायचं तर आहे?" सावेंनी सावधपणे विचारलं.

"करायचंच आहे. मी नको कधी म्हटलं? कधी करायचं, एवढंच मी सांगत होते. आता तेही मीच ठरवणार." ती भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली. एक पान उलटलं, दिवाळी ओलांडली आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. "तोवर साचा नव्याने कापून होईल, डबे वसईला पोचतील, तपासणीही संपेल. या दिवशी."

सावेंनी चष्मा लावून वाकून पाहिलं आणि दचकले. "अहो बाई, अमावास्या आहे ती!"

"माहितीये. त्या दिवशी तुम्ही कुठल्याच नव्या वस्तूला हात लावणार नाही."

पॅकिंगच्या बायकांत हसू फुटलं. सदूने तोंड फिरवलं. दशरथही हसले, जरा उशिराने, आणि मग बराच वेळ हसत राहिले.

वैजयंता आपल्या टेबलापाशी गेली. पर्समधून किल्ली काढली, पुसली, कॉम्प्युटरला लावली आणि आपल्या डिस्कवरची झाकणाची फाईल उघडली.